रक्तातल्या धुळीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या मामूंना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स पस्तीस हजारांवर आल्या. त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. सकाळचा रिपोर्ट, संध्याकाळचा रिपोर्ट. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी, कुणी बकरीचं दूध. आकडा दीड लाखाच्या वर गेला तेव्हा मुमानींनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

गेल्या महिन्यात त्याच मामूंचा फोन आला. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना कुणीतरी एक मजकूर पाठवला होता. रोज अ‍ॅस्पिरीनची एक छोटी गोळी घ्या, हार्ट अटॅकही येणार नाही आणि कॅन्सरही पसरणार नाही, कारण ही गोळी प्लेटलेट्सना गप्प करते, असा त्याचा मथितार्थ. मामूंनी मेडिकलमधून पट्टी आणून गोळी सुरूही केली होती. आठ दिवस झाले होते. मला विचारायचं होतं ते एवढंच : "खरं आहे का रे हे?"

मला पटकन हो म्हणता येईना, आणि नाही म्हणता येईना. ज्या कणांची संख्या वाढावी म्हणून आपण पपईची झाडं ओरबाडली, त्याच कणांना गप्प करायला आता गोळी घ्यायची, हे उलटसुलट वाटतं खरं. पण त्यामागे दीडशे वर्षांहून जास्त काळाचा इतिहास आहे. फोनवर तो सांगणं जमलं नाही. म्हणून इथे लिहितो.

कचरा समजला गेलेला कण

शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. पण डेंग्यूनं प्लेटलेट हा शब्द इतका घरोघरी नेला आहे की मीही तोच वापरतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्याच थेंबात लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास. प्लेटलेटची रुंदी दोन ते तीन मायक्रोमीटर, लाल पेशीच्या निम्म्याहून कमी. तिला केंद्रक नसतं. तशी ती पूर्ण पेशीही नाही. अस्थिमज्जेत एक अवाढव्य पेशी असते, तिचे तुकडे होऊन रक्तात जातात, तेच हे कण. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. निरोगी माणसाचं शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नवे तुकडे तयार करतं.

एवढी मोठी संख्या, तरी माणसाच्या नजरेला हे कण फार उशिरा पडले. लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सतराव्या शतकातच दिसल्या होत्या. प्लेटलेट्स निसटल्या याची दोन कारणं. एक तर त्या फार लहान. आणि दुसरं म्हणजे, रक्त शरीराबाहेर काढलं की काही क्षणांत त्या एकमेकींना चिकटतात, त्यांचा आकार बिघडतो आणि नुसता दाणेदार गोळा उरतो. बघणाऱ्याला तो काचेवरचा कचरा वाटायचा, नाहीतर फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा चुरा.

१८६५ साली जर्मनीत बॉन इथे माक्स शुल्त्स नावाच्या शास्त्रज्ञानं या कचऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखालचं रक्त शरीराइतकं गरम ठेवता येईल अशी सोय त्यानं केली होती. मुख्य अभ्यास पांढऱ्या पेशींचा होता. पण जाता जाता त्यानं नोंदवलं की निरोगी माणसाच्या रक्तात बारीक रंगहीन कणांचे पुंजके नेहमी आढळतात, आणि ज्यांना रक्ताचा अभ्यास करायचा आहे त्यांनी याकडे लक्ष द्यावं. तो स्वतः मात्र पुढे दुसऱ्या कामाकडे वळला.

पॅरिसमधले एक डॉक्टर

त्याच वर्षाच्या आसपास पॅरिसच्या ओतेल द्यू या जुन्या रुग्णालयात आर्माँ त्रूसो नावाचे डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवत होते. फ्रान्समधल्या नामांकित वैद्यांपैकी ते एक. त्यांची व्याख्यानं ऐकायला दुरून विद्यार्थी येत. त्यांच्या १८६५ मध्ये छापलेल्या एका व्याख्यानात एक निरीक्षण आहे. बाळंतिणीचा पाय कधी कधी पांढराफटक होऊन सुजतो, दुखतो, कारण आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. हा आजार तेव्हा सगळ्यांना माहीत होता. त्रूसोंच्या लक्षात आलं की तशाच गुठळ्या कॅन्सरच्या रुग्णांनाही होतात. कित्येकदा कॅन्सर आहे हे कळण्याच्या आधीच होतात. आज या पायात, काही दिवसांनी त्या हातात. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पोटाच्या दुखण्याबद्दल शंका असेल, कॅन्सर आहे की नाही ठरत नसेल आणि अशा वेळी शिरेत गुठळी दिसली, तर शंका उरत नाही.

गुठळी का होते, हे त्यांना सांगता आलं नाही. कॅन्सरमुळे रक्ताचा स्वभावच बदलतो आणि ते आपोआप गोठू पाहतं, एवढाच त्यांचा अंदाज होता. शुल्त्सच्या कणांचा आणि या गुठळ्यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

१८६७ च्या जानेवारीत त्रूसो स्वतः पोटाच्या दुखण्यानं आजारी होते. एक दिवस त्यांना स्वतःच्याच शिरेत गुठळी झालेली दिसली. त्यांनी आपल्या शिष्याला बोलावून सांगितलं की आता आपलं काही खरं नाही, या गुठळीनं दुखण्याचं नाव सांगून टाकलं आहे. त्याच वर्षी २३ जून रोजी पोटाच्या कॅन्सरनं ते गेले. त्या काळी या निदानावर काही इलाज नव्हता. तरी आपणच शिकवलेल्या लक्षणाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. आजही डॉक्टर या लक्षणाला त्रूसोंच्याच नावानं ओळखतात. कुठलंही कारण नसताना पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, तर नीट तपासणारा डॉक्टर मनात एक प्रश्न ठेवतोच : कुठे गाठ तर नाही ना?

बिझोझेरोची खिडकी

१८७४ साली विल्यम ऑस्लर हा पंचविशीतला कॅनेडियन डॉक्टर लंडनमध्ये संशोधन करत होता. हाच पुढे जगप्रसिद्ध वैद्यक-शिक्षक झाला. त्यानं उंदराच्या शिरेच्या आत पाहिलं तेव्हा हे कण सुटे सुटे, चकतीसारखे वाहताना दिसले. बाहेर काढलेल्या रक्तात मात्र त्यांचे पुंजके होत. म्हणजे पुंजका नंतर बनतो, कण आधीपासून असतात. पण ऑस्लरला ते नेमके काय आहेत हे ठरवता आलं नाही. जंतूंच्या शोधांचे दिवस होते ते, त्यामुळे हेही एखादे जीव असतील का, ही शंका त्याच्या लेखातून डोकावते. त्यानंतर पॅरिसमध्ये जॉर्ज हायेम यानं हे कण मोजले. पण यांच्यापासूनच पुढे लाल पेशी बनतात, असं तो धरून बसला.

गुंता सोडवला इटलीतल्या ट्यूरिनच्या जुलिओ बिझोझेरो यानं. त्यानं गिनिपिगच्या आतड्याजवळचा पातळ, पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. प्राणी जिवंत, रक्त वाहतं, आणि वरून बघणारा डोळा. जिवंत शरीरात उघडलेली खिडकीच ती. वाहत्या रक्तात त्याला लाल आणि पांढऱ्या पेशींशिवाय तिसरा एक घटक दिसला, पातळ चकत्यांसारखा. मग त्यानं सुईनं रक्तवाहिनीच्या भिंतीला जखम केली. वाहत्या रक्तातल्या चकत्या त्या जागी येऊन चिकटू लागल्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. बघता बघता जखमेवर बूच बसलं. १८८२ साली फिरखोच्या प्रसिद्ध जर्मन नियतकालिकात त्यानं हे सविस्तर छापलं आणि या घटकाला छोट्या थाळीच्या अर्थाचं नाव दिलं. प्लेटलेट हा शब्द त्याच अर्थाचा.

याच बिझोझेरोच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या कामिल्लो गोल्जीला पुढे नोबेल मिळालं. बिझोझेरोच्या डोळ्यांनी मात्र दगा दिला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं अशक्य झालं तेव्हा तो सार्वजनिक आरोग्याच्या कामाकडे वळला. १९०१ मध्ये न्यूमोनियानं त्याचा मृत्यू झाला.

हे कण येतात कुठून, याचं उत्तर १९०६ मध्ये बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यानं दिलं : अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींमधून. आणि त्यांच्यावाचून काय होतं, ते त्याच शहरात विल्यम ड्यूक या डॉक्टरनं १९१० मध्ये दाखवलं. प्लेटलेट्स अगदी कमी झाल्यानं रक्तस्राव थांबत नव्हता अशा एका तरुणाला त्यानं दुसऱ्याचं रक्त दिलं. प्लेटलेट्स वाढल्या, रक्त थांबलं. काही दिवसांनी त्या पुन्हा घटल्या, तेव्हा रक्त पुन्हा वाहू लागलं. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याला जी भीती असते, तिचा खुलासा तिथे झाला. प्लेटलेट रखवालदार आहे हे नक्की झालं.

पण हा रखवालदार ओळख पटवून कामाला लागत नाही. रक्तवाहिनीचं आतलं गुळगुळीत अस्तर जिथे फाटलेलं आढळेल, तिथे चिकटायचं, पोटातली रसायनं ओतायची आणि बाकीच्यांना हाक मारायची, एवढंच त्याला येतं. ते अस्तर चाकूनं फाटलं, की वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर फुटून फाटलं, हा फरक त्याला कळत नाही. बोट कापलं तर या कामामुळे माणूस वाचतो. हृदयाच्या धमनीत हेच झालं तर वाट बंद होते आणि हृदयाचा तुकडा रक्तावाचून मरतो. त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. मेंदूच्या धमनीत झालं तर लकवा.

दोन वाटा एकत्र येतात

कॅन्सर आणि गुठळी यांचं नातं त्रूसोंनी बाहेरून पाहिलं होतं. व्हिएन्नाचे शल्यविशारद टेओडोर बिल्रोथ यांनी १८७८ मध्ये रक्ताच्या गुठळीच्या आतच कॅन्सरच्या पेशी असल्याची नोंद केली. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर शरीरात कुठेही सारखा पसरत नाही, काही अवयवांत तो पुन्हा पुन्हा जातो, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी बियाणं आणि जमिनीची उपमा दिली. बी चारी दिशांना उडतं, रुजतं मात्र मानवणाऱ्या मातीतच. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण बी शेतापर्यंत सुखरूप पोचवतं कोण, हा प्रश्न उरलाच होता.

कारण रक्तप्रवाह ही कॅन्सरच्या पेशीसाठी सुखाची जागा नाही. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. प्रवाहाचा जोर त्यांना फाडतो, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गाठून मारतात. हजारोंमधून एखादीच दुसऱ्या अवयवात पोचून रुजते.

१९६८ साली फिलाडेल्फियात गॅब्रिएल गासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या प्लेटलेट्स औषधानं घटवल्या आणि मग त्यांच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. एरवी जितक्या गाठी नव्यानं रुजायच्या, त्याहून बऱ्याच कमी रुजल्या. प्लेटलेट्स परत दिल्यावर हा फायदा गेला. म्हणजे बियाण्याला सोबत करणारा कोणीतरी होता, आणि तो शरीराचाच रखवालदार होता.

हे कसं घडतं, ते पुढच्या दशकांत हळूहळू उलगडत गेलं. रक्तात आलेली कॅन्सरची पेशी प्लेटलेट्सना स्वतःभोवती ओढून घेते. अंगावर चिलखत चढवावं तसं. त्या थराआडून संरक्षक पेशींना ती नीट ओळखता येत नाही. प्लेटलेट्स चिकट असल्यानं दूरच्या अवयवातल्या बारीक वाहिनीला धरून थांबणंही तिला सोपं जातं. अमेरिकेत एमआयटीमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की प्लेटलेट्सच्या थोड्या वेळच्या संगतीनंही कॅन्सरच्या पेशीचा स्वभाव बदलतो, ती अधिक फिरती आणि घुसखोर होते. जखम भरण्यासाठी प्लेटलेट्स वाढीची जी रसायनं सोडतात, तीच ती पेशी आपल्या कामाला लावते.

त्या रसायनांचीही एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये रसेल रॉस धमन्या कडक का होतात याचा अभ्यास करत होते. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी बशीत वाढवायच्या तर रक्ताचा द्रव लागतो. गोठलेल्या रक्तातून काढलेला द्रव घातला की पेशी भराभर वाढायच्या. प्लेटलेट्स आधीच वेगळ्या केलेल्या रक्तातला द्रव घातला की जवळपास तशाच राहायच्या. १९७४ मध्ये त्यांच्या गटानं सांगितलं की रक्त गोठताना प्लेटलेट्समधून बाहेर पडणारा एक घटक या पेशींना वाढायला लावतो. धमनीच्या अस्तराला वारंवार इजा होते, दर वेळी प्लेटलेट्स डागडुजीला येतात, आणि डागडुजी करता करता भिंत जाड होत जाते, असा त्यांचा सिद्धान्त. आज त्यात इतर बरेच घटक जोडले गेले आहेत, पण तो धागा टिकून आहे.

१९८३ मध्ये या घटकाच्या रचनेचा काही भाग वाचता आला. कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल प्रथिनांच्या रचना संगणकात साठवून ठेवत असत. तिथे ही रचना जुळवून पाहिली गेली, आणि ती माकडांमध्ये कॅन्सर घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळली. लंडनमधल्या मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटालाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सापडलं. धमनीचा अभ्यास करणारे आणि कॅन्सरचा अभ्यास करणारे तोवर वेगवेगळ्या इमारतींत बसत होते. त्या वर्षी कळलं की दोघं एकाच रसायनामागे होते. जखम भरणारं रसायन वेळेवर थांबलं तर व्रण उरतो. धमनीत ते पुन्हा पुन्हा ओतलं गेलं की वाट अरुंद होते. आणि एखाद्या पेशीनं ते स्वतःच, न थांबता बनवायला घेतलं की गाठीची वाट मोकळी होते.

२०१२ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधून आणखी एक दुवा आला. अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या ६१९ स्त्रियांपैकी ३१ टक्के जणींच्या रक्तात प्लेटलेट्स प्रमाणाबाहेर वाढलेल्या होत्या आणि त्यांचा आजार जास्त पुढे गेलेला होता. गाठ एक संदेश सोडते, त्यानं यकृतात एक संप्रेरक वाढतं, ते अस्थिमज्जेला जादा प्लेटलेट्स बनवायला सांगतं, आणि त्या प्लेटलेट्स गाठीलाच पोसतात. असं हे चक्र. दीडशे वर्षांपूर्वी रक्ताचा स्वभाव बदलतो असं म्हणणाऱ्या त्रूसोंचा अंदाज फार चुकला नव्हता.

जाता जाता एक सांगायला हवं. १९६७ मध्ये पीटर वुल्फ या ब्रिटिश संशोधकाला आढळलं की प्लेटलेट्स काढून टाकलेल्या रक्तद्रवातही गोठण्याला मदत करणारे अतिसूक्ष्म तुकडे असतात. ते प्लेटलेट्सचेच तुकडे होते. त्यानं त्यांना प्लेटलेटची धूळ म्हटलं. म्हणजे तुकड्यांचे तुकडे. आज कॅन्सर आणि धमन्यांचे विकार, दोन्हींच्या प्रयोगशाळांत या धुळीवर काम चालू आहे. आधी कचरा म्हणून बाजूला सारलेलं पुन्हा कामाचं निघण्याची या इतिहासातली ही दुसरी खेप.

गोळीची गोष्ट

आता मामूंच्या पट्टीकडे येतो.

कॅलिफोर्नियात ग्लेनडेल इथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ते रुग्णांना दुखणं कमी व्हावं म्हणून अ‍ॅस्पिरीन घातलेलं च्युइंग गम चघळायला देत. ज्यांनी ते जास्त चघळलं, त्यांना जास्त रक्तस्राव झाला. क्रेव्हननी उलटा विचार केला. अ‍ॅस्पिरीन रक्त वाहतं ठेवत असेल, तर हृदयातली गुठळीही टाळेल. १९५० मध्ये त्यांनी लिहिलं की सुमारे ४०० पुरुषांना आपण रोज अ‍ॅस्पिरीन दिली आणि एकालाही हार्ट अटॅक आला नाही. १९५६ पर्यंत हा आकडा त्यांनी ८,००० वर नेला. पण ज्यांना गोळी दिली नाही अशांशी तुलनाच नव्हती, आणि लेख छोट्या प्रादेशिक नियतकालिकांत छापले होते. कुणी फारशी दखल घेतली नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हार्ट अटॅकनं वारले.

तरी त्यांची दिशा बरोबर होती. १९६२ मध्ये लंडनच्या गुस्ताव बॉर्न यांनी प्लेटलेट्सचं एकत्र चिकटणं मोजणारं उपकरण बनवलं आणि औषधं पारखता येऊ लागली. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरीन शरीरातली कोणती क्रिया बंद पाडते ते शोधलं. १९८२ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. प्लेटलेट्सच्या बाबतीत गंमत अशी की त्यांना केंद्रक नसल्यानं, बंद पडलेलं ते यंत्र त्यांना नव्यानं बनवता येत नाही. गोळी पोटात काही तासच टिकते, पण त्या प्लेटलेटचा आवाज तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठवडाभरसुद्धा बसलेला राहतो. म्हणून छोटी गोळी पुरते. आणि म्हणूनच ऑपरेशनच्या काही दिवस आधी ती थांबवायची की नाही, हे डॉक्टर विचारात घेतात.

१९८८ मध्ये आयसिस-२ या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅक आलेले १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालयं. महिनाभर रोज अर्धी गोळी अ‍ॅस्पिरीन दिलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. त्यानंतर अटॅक आलेल्या रुग्णाला अ‍ॅस्पिरीन देणं जगभर नेमाचं झालं.

अशा जुन्या चाचण्यांचे कागद ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी पुन्हा उघडले. हृदयासाठी वर्षानुवर्षं अ‍ॅस्पिरीन घेतलेल्यांचं कॅन्सरच्या बाबतीत काय झालं, हे त्यांना पाहायचं होतं. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी दाखवलं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते, आणि कॅन्सर दुसरीकडे पसरण्याचं प्रमाणही कमी होतं. मामूंच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराचं मूळ बहुधा इथे आहे. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांमध्ये कारणही दाखवलं. प्लेटलेट्स सोडत असलेलं एक रसायन कॅन्सर मारणाऱ्या संरक्षक पेशींना सुस्त करतं. अ‍ॅस्पिरीन ते रसायन रोखते, आणि त्या पेशी पुन्हा कामाला लागतात.

इथे मजकूर थांबतो. इतिहास थांबत नाही.

२०१८ मध्ये अ‍ॅस्प्री या चाचणीचा निकाल आला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ वयस्कर लोक, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, हृदयविकार नसलेले, धडधाकट. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरीन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. अ‍ॅस्पिरीनवाल्यांचं निरोगी आयुष्य वाढलं नाही. मोठा रक्तस्राव जास्त झाला. आणि सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध, कॅन्सरनं झालेले मृत्यूही त्यांच्यातच थोडे जास्त निघाले. २०२४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ३,०२० रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत अ‍ॅस्पिरीनचा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये युरोपच्या उत्तर भागातल्या चाचणीत मात्र, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांच्या गाठीत एका विशिष्ट जनुकाचा बदल होता, त्यांच्यात ऑपरेशननंतर आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. अ‍ॅड-अ‍ॅस्पिरीन नावाची मोठी चाचणी ब्रिटन, आयर्लंड आणि भारतातल्या रुग्णांना घेऊन हाती घेण्यात आली, आणि भारताच्या बाजूनं तिच्यात मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. परळच्या त्या फुटपाथवर रांगेत बसलेल्यांपैकी काहींचे आकडेही या इतिहासात जमा होणार आहेत.

म्हणजे प्रश्न 'अ‍ॅस्पिरीन चांगली की वाईट' असा उरलाच नाही. कुणाला, कोणत्या आजारात, कोणत्या वयात, किती दिवस, असा झाला आहे. प्लेटलेटला जखम आणि गाठ यांतला फरक कळत नाही. गोळीलाही तो कळत नाही. ती चिलखत काढते आणि बूचही काढते. फरक करण्याचं काम माणसालाच करावं लागतं, आणि त्यासाठी रुग्ण समोर बसलेला लागतो, त्याचे कागद लागतात, थोडा वेळ लागतो.

मी मामूंना परत फोन केला. म्हटलं, "मामू, तुम्हाला अटॅक आलेला नाही, स्टेंट नाही. वय बहात्तर. मागे अल्सर झाला होता, तो विसरलात? आपल्या डॉक्टरांना न विचारता ही गोळी घेऊ नका. उद्याच जाऊन त्यांना पट्टी दाखवा."

ते म्हणाले, "मग शेजारचे काका? ते तर दहा वर्षं घेतात."

"त्यांना स्टेंट आहे. त्यांनी मनानं बंद करायची नाही, तुम्ही मनानं चालू करायची नाही. आणि पावसाळा तोंडावर आलाय. ताप आला आणि डेंग्यू निघाला, तर अ‍ॅस्पिरीन घेऊच नये असं डॉक्टर सांगतात. त्या वेळच्या पस्तीस हजारांवर ही गोळी चालू असती तर काय झालं असतं, विचार करा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुमानींचा आवाज आला, त्या स्पीकरवर ऐकत होत्या. त्यांनी पट्टी उचलून आपल्या पर्समध्ये टाकली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे दोघंही गेले. बाकीचा हा सगळा इतिहास मी मामूंना अजून सांगितलेला नाही. त्यांनी इथे वाचला तर कळेलच.